शोधून राहिली

2016 च्या जुलैमधला शनिवार. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात शनिवारी गणवेशाची सक्ती नसायची, त्यामुळे पोरं ठेवणीतले कपडे घालून यायची. अकरावीच्या दुसऱ्या बाकावरच्या एका मुलानं काळा टी-शर्ट घातला होता. पांढरकवड्याच्या बाजारातून घेतलेला. छातीवर पांढरी इंग्रजी अक्षरं, दोन-चार धुण्यांत कडा सुटायला लागलेली : 'फाइंड युअरसेल्फ'. शेजारच्यानं त्याला विचारलं, "याच्यावर काय लिहून आहे बे?" त्याला वाचता येत होतं, सांगता येत नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमीच सांगा."

हा वाक्प्रचार मी तोवर अठरा वर्षं शिकवत आले होते. 'टु फाइंड वनसेल्फ : स्वतःचा शोध घेणे.' फळ्यावर लिहायचं, मुलांनी वहीत उतरवायचं, पुढचा शब्द घ्यायचा. त्या दिवशी खडू हातात घेतला आणि थांबले. विचारणाऱ्याच्या अंगावरच तो शब्द होता. गुणांसाठी नाही, आपण काय घालून आलोय ते कळावं म्हणून तो विचारत होता. मी म्हटलं, आज अर्थ मी सांगणार नाही. फळ्यावर 'ही फाउंड हिमसेल्फ' एवढंच वाक्य लिहिलं, 'फाइंड' म्हणजे सापडणं एवढं सांगितलं, आणि घरी जे बोलता त्याच बोलीत याचं मराठी करून द्या म्हटलं. "सेल्फ म्हणजे सेल्फीतलाच का, मॅडम?" कुणीतरी विचारलं. हो, तोच.

अडतीस वह्या घरी नेल्या. 'तो सोताले सापडला.' 'त्याले त्याचा पत्ता लागला.' 'तो सोताले शोधून राहिला.' एकीनं लिहिलं होतं, 'त्याले समजलं का आपन कोन हाव.' आणि मागच्या बाकावरच्या एकानं, 'तो सोताच्याच तावडीत सापडला.'

या शेवटच्या उत्तरावर मी फुली मारणार होते. मारली नाही. त्या मुलाला इंग्रजी कळलं नव्हतं असं म्हणता येईल, पण मराठी त्याला पक्कं कळलेलं होतं.

आपल्याकडे शोधणं आणि सापडणं यांची जात वेगळी आहे. शोधताना मी कर्ता असते : मी पेन शोधते. सापडताना मात्र मी बाजूला होते आणि पेन पुढे येतं : मला पेन सापडतं. मला सुचतं, मला आठवतं, मला जमतं, मला रडू येतं. आतलं म्हणून जे काही आहे, त्यातलं बरंचसं मराठी माणूस करत नाही, ते त्याला होतं. इंग्रजीत 'आय फाउंड' म्हणताना 'मी' आपली जागा सोडत नाही, शोधणाराही तोच आणि मिळवणाराही तोच. शिवाय आपलं सापडणं म्हणजे पकडलं जाणंसुद्धा. चोर सापडतो, माणूस पावसात सापडतो, दोघांच्या भांडणात तिसरा सापडतो. आणि आमच्या जिल्ह्यातल्या पोरानं 'सापडला' हा शब्द घरात कितीदा तरी ऐकलेला असतो तो बापाबद्दल : कर्जात सापडला, सावकाराच्या तावडीत सापडला. 'ही फाउंड हिमसेल्फ' वाचून त्याला तावडीच आठवली, यात चूक कसली?

सोमवारी वर्गात मी तीन वाक्यं शेजारी शेजारी लिहिली. 'फाइंड युअरसेल्फ अ चेअर' म्हणजे स्वतःसाठी खुर्ची शोधून घे, बस. 'आय फाउंड मायसेल्फ इन यवतमाळ' म्हणजे भानावर येऊन बघते तो मी यवतमाळात. कशी आले, का आले, ते कळायच्या आधीच येऊन पोचलेली. आणि तिसरं नुसतंच, 'आय फाउंड मायसेल्फ.' पुढे खुर्ची नाही, गाव नाही. पूर्णविराम. हा तिसरा अर्थ 1852 मध्ये मॅथ्यू अर्नोल्डच्या 'सेल्फ डिपेंडन्स' या कवितेत स्वच्छ आलेला आहे, आणि आज टी-शर्टवर छापला जातो तो हाच.

दुसरं वाक्य लिहिताना मी उदाहरण म्हणून यवतमाळ घेतलं खरं, पण ते माझंच होतं. 1998 च्या जूनमध्ये वाईहून एसटीनं, दोन गाड्या बदलून, एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन मी इथं उतरले. कृष्णेच्या घाटावर वाढलेली मुलगी. इथली काळी माती पायाला चिकटली की चपलेसकट पाय जड व्हायचा. आणि भाषा. मुलं म्हणायची, "मॅडम, आमी अभ्यास करून राहिलो." मला वाटायचं, अभ्यास करून झाला, आता नुसते बसून राहिलेत. मी त्यांच्या वह्यांत 'करून राहिलो' खाली लाल रेघ मारून वर 'करत आहोत' लिहायचे. पहिली दोन वर्षं शेकड्यांनी अशा रेघा मारल्या. ते वऱ्हाडीतलं चालू काळाचं सरळ, नियमबद्ध रूप आहे, आणि त्यातल्या 'राहिलो'मध्ये टिकून असण्याचा जो भाव आहे तो माझ्या 'करत आहे'मध्ये नाही, हे मला फार उशिरा उमजलं. त्या लाल रेघांचं मला आजही वाईट वाटतं. मुलं काही बोलली नाहीत. माझ्यासमोर ती कमी बोलायला लागली, एवढंच झालं.

म्हणून 'तो सोताले शोधून राहिला' या उत्तरावर मी बराच वेळ थांबले. प्रमाण मराठीच्या कानाला ते अर्धवट लागतं : शोधून झालं, आणि मग राहिला कुठे? वऱ्हाडी कानाला ते पुरं आहे. शोध चालू आहे, आणि शोधणारा तिथंच आहे, उठून गेलेला नाही.

तिन्ही वाक्यं लिहून झाल्यावर खिडकीशेजारच्या बाकावरून एका मुलीनं हात वर केला. अभ्यासात मध्यम, अक्षर सुरेख, आणि सहसा प्रश्न न विचारणारी. ती म्हणाली, "मॅडम, सोताले समजणं तं वाईट असते ना?"

मला आधी प्रश्न कळला नाही. मग कळला आणि अंगावर काटा आला. मराठीत 'तो स्वतःला फार समजतो' म्हणजे तो गर्विष्ठ आहे. 'स्वतःला काय समजतेस?' हा प्रश्न नसतोच, ती थप्पड असते. केस मोकळे सोडून बाहेर निघाली, स्वतःला काय समजतेस. भावाला उलटून बोलली, स्वतःला काय समजतेस. शिकायचं म्हणाली, स्वतःला काय समजतेस. जी भाषा कोऽहम् म्हणून जन्माला आलेल्या बाळाची गोष्ट कीर्तनात सांगते, आईच्या पोटात ते सोऽहम् म्हणत होतं आणि बाहेरची हवा लागताच विसरलं असं सांगून श्रोत्यांना डोलायला लावते, तीच भाषा घरात पोरीला सांगते की स्वतःला समजू नकोस. ओळखायची असेल तर फक्त पायरी ओळख. मापात राहा. आत्मज्ञानाचे सगळे मोठे शब्द देवळात, आणि स्वयंपाकघरात एकच वाक्य, तेही दरडावणीचं.

मी तिला त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकले नाही. म्हणाले, इंग्रजीत नाही गं वाईट. तिनं मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. नंतर पाहिलं तर तिनं लिहिलं होतं : 'इंग्रजीत वाईट नाही.' एवढंच, आणि खाली रेघ. परक्या भाषेचा उपयोग काय, असं मला पुष्कळदा विचारलं जातं. पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झालं तेव्हापासून तर दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. नोकरी, मुलाखत, संगणक ही उत्तरं मीही दिली आहेत. पण आपल्या भाषेनं जिथं दार लावून ठेवलंय तिथं दुसऱ्या भाषेत एखादी खिडकी निघते, हा उपयोग मला त्या मुलीनं दाखवला.

तरी हा वाक्प्रचार जसाच्या तसा आमच्या पोरांच्या हाती द्यायला माझं मन धजत नव्हतं. त्याच्यामागे एक चित्र असतं. माणूस घर सोडतो, काम सोडतो, लांब कुठेतरी जातो, डोंगरात किंवा नदीकाठी बसतो आणि त्याला 'तो' सापडतो. 1968 मध्ये बीटल्स हृषीकेशला आले, त्या काळात तिकडची किती तरी पोरं पाठीवर पिशवी टाकून हिंदुस्थानभर फिरली. त्यांचा शोध खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण त्याला पैसा लागतो, रिकामा वेळ लागतो, आणि परत आल्यावर घर जागेवर असेल याची खात्री लागते. आमच्या जिल्ह्यातून दर वर्षी पोरं बाहेर जातात : पुण्याला, चाकणच्या कारखान्यांत, हैदराबादला. "कामाले चाललो," म्हणतात. स्वतःला शोधायला चाललो असं म्हणणारा एकही मला भेटला नाही. मग या पोरांना स्वतः सापडतच नाही की काय? की आपण ते बघत नाही?

तेव्हा मला किपलिंगची एक गोष्ट आठवली. रुडयार्ड किपलिंग, 1865 मध्ये मुंबईत जन्मलेला. त्याच्या साम्राज्याच्या कविता मला कधी पटल्या नाहीत, पण ही गोष्ट मी जपून ठेवली आहे. 'द शिप दॅट फाउंड हरसेल्फ', 1895 ची. डिंबुला नावाचं एक नवंकोरं मालवाहू जहाज लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला पहिल्या सफरीवर निघतं. मालकाची मुलगी जहाज पाहून हरखते, पण कप्तान तिला सांगतो की हे अजून जहाज झालेलं नाही, सगळे भाग नुसते एकत्र ठोकलेले आहेत, ते एकमेकांत मुरायचे आहेत. समुद्रात वादळ लागतं आणि जहाजाचे भाग बोलायला लागतात. तुळया तक्रार करतात, पत्रे तक्रार करतात, रिबिटं म्हणतात सगळा भार आमच्यावरच. प्रत्येकाला वाटतं आपण ताठ राहिलो तरच जहाज टिकेल. वाफ त्यांना समजावते : थोडं थोडं सैल व्हा, एकमेकांना वाव द्या. आणि न्यूयॉर्क जवळ येतं तेव्हा ते सगळे आवाज थांबलेले असतात आणि त्या जागी एकच भरदार आवाज असतो. तो जहाजाचा. जहाज स्वतःला सापडलं ते धक्क्याला उभं असताना नाही, माल भरून वादळात असताना.

आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. मी जहाजाच्या जागी बंडी घेतली. नवी बैलबंडी कुरकुरते हे सगळ्यांना माहीत होतं. वर्गातल्या एका मुलाचे वडील वाढई, बंड्या करणारे. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. अंगणात बाभळीच्या लाकडाचं एक चाक आडवं ठेवलेलं होतं, आरे मधल्या तुंब्यात बसवून झाले होते, लोखंडी धाव चढवायची बाकी होती. धाव विस्तवात तापवतात, तापली की ती पसरते, लालभडक असतानाच चाकावर चढवून वरून पाणी ओततात, आणि ती आक्रसून चाकाला कवटाळते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी मला आऱ्याच्या टोकाशी बोट लावायला सांगितलं. तिथं आरा आणि कडेचा पुठ्ठा यांच्यात एक अगदी बारीक फट होती, नखाएवढीसुद्धा नाही. ती मुद्दाम ठेवलेली होती. फट नसेल तर धाव आवळली की लाकूड फुटतं.

मी विचारलं, मग नवी बंडी वाजते ती याच्यामुळे का? ते म्हणाले, "नवी बंडी बोलतेच, मॅडम. आरा तुंब्याले बोलते, तुंबा आसाले बोलते. वझं घेऊन धा खेपा मारल्या का मंग गप होते." आणि रिकामी फिरवली तर? "रिकामी फिरवली तं सालभर बोलते."

किपलिंगला हे ऐकवायला हवं होतं.

ओझं हा शब्द मी त्यानंतर वर्गात फार जपून वापरला, कारण ओझं चांगलं असतं असं मला म्हणायचं नाही. आमच्या पोरांवर आधीच पुष्कळ असतं. ऑक्टोबर उजाडला की मुलींचे बाक रिकामे व्हायला लागतात, कापसाची वेचणी सुरू झालेली असते, मजुरी किलोवर मिळते आणि घरात प्रत्येक हात हवा असतो. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडेची कातडी फाटलेली, अशा बोटांनी त्या जानेवारीत निबंध लिहायला बसतात. हे ओझं त्यांनी मागितलेलं नाही, आणि ते उतरवणं हे सगळ्यांचं काम आहे. मला सांगायचं आहे ते निराळं. मी दोघांना माझ्या डोळ्यांदेखत 'सापडताना' पाहिलं, आणि दोघंही त्या वेळी स्वतःला शोधत नव्हती.

त्याच वर्गात झरी-जामणीकडच्या कोलाम आदिवासींच्या एका पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, एक मुलगी होती. वसतिगृहात राहायची. जुलैपासून डिसेंबरपर्यंत मी तिचा आवाज हजेरीच्या 'येस मॅडम'पलीकडे ऐकला नव्हता. मी तिला 'अबोल' ठरवून टाकलं होतं. डिसेंबरात आम्ही राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर घेऊन एका पोडावर गेलो, सोबत एक डॉक्टर आणि एक परिचारिका. चावडीसमोर टेबल मांडलं. एक म्हातारी समोर येऊन बसली. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून ताप येतो? म्हातारी गप्प. परत विचारलं, मोठ्यानं. म्हातारी जमिनीकडे बघत राहिली. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा, तेलुगू-गोंडीच्या नात्यातली. मराठीशी तिचं कुळाचं नातं नाही. बाहेरची माणसं मात्र समजतात की म्हातारीला ऐकू येत नाही.

मुलींच्या रांगेतून ही पुढे आली. कुणी बोलावलं नव्हतं. म्हातारीच्या बाजूला उकिडवी बसली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कोलामीत बोलायला लागली. भराभरा, हसत, मध्येच दामटत. म्हातारीनं मान वर केली. पुढचे तीन तास हिनं डॉक्टरांचं कोलामीत आणि पोडाचं मराठीत केलं. गोळ्या केव्हा घ्यायच्या ते सूर्याची जागा हातानं दाखवून सांगितलं. एका बाईनं गोळी परत द्यायला सुरुवात केली तेव्हा डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "तिला सांगू नका सर, थांबा, मी सांगते." तो आवाज वर्गातल्या कुणीच ऐकलेला नव्हता. पोरं बघत राहिली. ती अबोल नव्हती. तिची भाषा माझ्या वर्गात नव्हती.

परतीच्या गाडीत मी तिच्या शेजारी बसले. काय वाटलं तुला आज, असं विचारलं. एखादं मोठं वाक्य ऐकायची माझी तयारी होती. ती म्हणाली, "काही नाही, मॅडम. ते बुढी बोलत नव्हती, म्हणून मी बोलली."

दुसरा तो टी-शर्टवाला. 2017 चा पावसाळा यवतमाळात कुणी विसरलेलं नाही. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारणी करणाऱ्यांच्या तोंडावर, छातीवर औषध उडत होतं, आणि विषबाधेनं जिल्ह्यात शेकडो माणसं दवाखान्यांत भरती झाली, वीसच्या आसपास दगावली. याचे वडील दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं फवारायला गेले होते. रात्री त्यांना दिसेनासं झालं. तो तेव्हा बारावीत होता. बापाला यवतमाळला न्यायच्या आधी तो अंधारात त्या शेताच्या धुऱ्यावर गेला आणि रिकामे डबे शोधून पिशवीत टाकून घेऊन आला. डब्यावर तिरक्या चौकोनात रंगीत त्रिकोण असतो, विषाची तीव्रता सांगणारा, हे त्यानं विज्ञानाच्या सरांकडून वर्गात ऐकलं होतं. दवाखान्यात त्यानं डॉक्टरांना लेबलं वाचून दाखवली, अक्षर अक्षर जुळवत : प्रोफेनोफॉस, सायपरमेथ्रिन. कोणतं औषध अंगात गेलं ते कळलं की उपचार नेमका करता येतो.

वीस दिवसांनी तो वर्गात आला. वडील वाचले होते, नजर हळूहळू परतत होती. त्या वॉर्डात तो नुसता स्वतःच्या बापाजवळ बसला नव्हता. आजूबाजूच्या खाटांवरच्या माणसांचे कागद भरून देत होता, गोळ्यांवरची नावं वाचून देत होता, आणि तिथली माणसं त्याला 'मास्तर' म्हणायला लागली होती. हे त्यानं मला सांगितलं नाही. त्याच्या आईनं सांगितलं, पालकसभेत, पदर तोंडाला लावून. त्या मुलाची चालच बदलली होती. पूर्वी तो बाकावर बसताना अंग चोरायचा. आता ऐसपैस बसत होता. टी-शर्टावर जे छापलं होतं, त्याच्याशी याचा संबंध जोडायचा मला मोह झाला, पण बापाच्या दुखण्यावर धडा बेतणं मला बरं वाटलं नाही. मी काही बोलले नाही. तो टी-शर्ट मी परत त्याच्या अंगावर पाहिलाही नाही.

जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला ब्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल यायच्या होत्या. त्यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं, त्यावरून महाराष्ट्रभर वादळ उठलं, आणि शेवटी उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार एकटीनं ओढणारी बाई. 'तेरवं' या नाटकात त्यांनी काम केलेलं होतं, ज्यात अशा बायकाच आपली गोष्ट रंगमंचावर सांगतात. निमंत्रण मागे घेणं मला तेव्हा चूक वाटलं होतं, आजही वाटतं. पण वैशाली येडे माइकसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली तेव्हा मी माझ्या मुलींसोबत मांडवात बसले होते, आणि माझ्या डोक्यात इंग्रजीचं एक वाक्य घुमत होतं. 'शी फाउंड हरसेल्फ ऑन द स्टेज.' याचे दोन अर्थ होतात. एक : बघते तो काय, ती व्यासपीठावर; परिस्थितीनं आणून उभी केलेली. दुसरा : व्यासपीठावर ती स्वतःला सापडली. वाक्य एकच, शब्द तेच. त्यांच्या मनात त्या क्षणी काय होतं ते मी कोण सांगणार. पण 2016 मधल्या त्या सोमवारी फळ्यावर मी जी दुसरी आणि तिसरी वाक्यं वेगवेगळ्या ओळींवर लिहिली होती, ती खऱ्या आयुष्यात इतकी वेगळी नसतात हे मला त्या दुपारी दिसलं. माणूस कुठेतरी जाऊन पडतो, आणि पडल्या जागी उभा राहतो.

मांडवात माझ्या शेजारच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, यांनी लिहून आणलं का पाठ केलं?" मी म्हटलं, ऐक.

आता मी तो वाक्प्रचार शिकवते तेव्हा अर्थ एका ओळीत देत नाही. मुलांकडूनच उत्तरं घेते आणि सगळी फळ्यावर ठेवते. 'सोताले शोधून राहिला' तर दर वर्षी येतंच, आणि त्याच्याखाली मी रेघ मारत नाही. 'गवसणे' हा शब्द सांगते, 'उमगणे' सांगते. परीक्षेत 'स्वतःचा शोध घेणे' लिहा, गुण मिळेल, हेही सांगते, कारण त्यांना तो गुण हवा असतो.

2023 च्या जूनमध्ये एक बाई कार्यालयाच्या दारात उभी होती. कडेवर मूल, हातात प्लास्टिकची पिशवी. अंगणवाडी सेविकेच्या जागेसाठी अर्ज करायचा होता, शाळा सोडल्याचा दाखला हरवला होता, दुसरी प्रत हवी होती. बाबू रजेवर. मी विचारलं, नाव? तिनं नाव सांगितलं. मी ओळखलं नाही. लग्नात नाव बदललेलं, ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं नवं नाव. मग तिनं जुनं नाव सांगितलं, आणि ते सांगण्याआधी क्षणभर थांबली, लांबच्या नातेवाइकाचं आठवून सांगावं तशी. 'सोताले समजणं वाईट असते ना' म्हणणारी ती. खिडकीशेजारची.

मी कपाटातून दाखल-खारीजचं रजिस्टर काढलं. जाडजूड, कोपरे वाळवीनं खाल्लेले. 2016 ची पानं काढली आणि आडनावावरून शोधायला लागले, मग आठवलं की आडनावही आता निराळं. चष्मा घरी राहिला होता, रकाने डोळ्यांपुढे मिसळत होते. तिनं मूल माझ्या हातात दिलं, रजिस्टर स्वतःकडे ओढलं आणि एकेका ओळीवरून बोट खाली नेत गेली. पहिलं पान झालं. दुसरं झालं. पोर माझ्या पदराशी खेळत होतं. तिसऱ्या पानाच्या मध्यावर तिचं बोट थांबलं. तिथं बाबूच्या निळ्या शाईत तिचं पूर्ण नाव होतं, बापाचं नाव, आईचं नाव, जन्मगाव, आणि शेवटच्या रकान्यात तिची अकरावीतली सही, सुरेख, थोडी डावीकडे कललेली.

"सापडली, मॅडम," ती म्हणाली.